डॉली पार्टन : विग, नखं आणि गाण्यांचा सातबारा

रानजाई
शुक्रवारी ऑफिसात सगळ्यांनी डबे आणले होते, तेव्हा कुणीतरी 'आय विल ऑलवेज लव्ह यू' लावलं, व्हिटनी ह्यूस्टनचं, आणि आमच्यातला एक पोरगा डोळे मिटून म्हणाला काय लिहून गेलीय बाई. म्हटलं तिने नाही रे लिहिलं, डॉली पार्टनने लिहिलंय, १९७४ सालचं गाणं आहे. तर म्हणे कोण, ती सोनेरी विगवाली? माझी इडली तिथेच थंड झाली. म्हणून हा धागा, लांबला तर आधीच सॉरी.

तर ही विगवाली जन्मली १९ जानेवारी १९४६ ला, टेनेसी राज्याच्या पूर्वेला, स्मोकी डोंगरांच्या कुशीत, सेव्हियर काउंटीत. एका खोलीचं लाकडी खोपटं, एकूण बारा भावंडं, ही चौथी. बाप बटईने शेती करायचा, पुढे तंबाखूचा थोडा स्वतःचा तुकडा झाला, लिहितावाचता येत नव्हतं पण व्यवहाराला पक्का. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला फी म्हणून मक्याच्या पिठाचं पोतं दिलं, हे ती स्वतः कितीदा सांगते. आईकडचे सगळे गाणारे-वाजवणारे, त्यातल्या बिल ओवेन्स मामाने तिला हाताला धरून नॉक्सव्हिलच्या रेडिओ-टीव्हीवर नेलं तेव्हा वय दहा. तेराव्या वर्षी ग्रँड ओल ऑप्रीच्या स्टेजवर (नॅशव्हिलचा शनिवारचा रेडिओ कार्यक्रम, १९२५ पासून चालूय, कंट्री म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतल्या गाण्यांतून आलेलं संगीत, त्या कंट्रीवाल्यांची पंढरीच). १९६४ ला शाळा संपली आणि दुसऱ्या दिवशी पोरगी नॅशव्हिलच्या बसमधे. मळके कपडे तसेच बांधून घेतलेले, त्यामुळे पोचल्या पोचल्या धुलाईच्या दुकानात गेली आणि दुकानाबाहेर कार्ल डीन भेटला. दोन वर्षांनी लग्न. रेकॉर्ड कंपनीला लग्न नको होतं म्हणून शेजारच्या जॉर्जिया राज्यात जाऊन गुपचूप केलं, टेनेसीच्या पेपरात छापून यायला नको.

आता मुद्द्याचं. १९६७ मधे पोर्टर वॅगनर नावाच्या मोठ्या गायकाने तिला आपल्या टीव्ही शोवर घेतलं, वर्षाला ६० हजार डॉलर, जिच्या बापाने डॉक्टरला पीठ दिलं तिला. सुरुवातीला लोक तिच्याआधीच्या नॉर्मा जीनच्या नावाने ओरडायचे. मग जोडी जमली, ड्युएट्स गाजली, तोच प्रोड्यूसर, तोच मालक, तोच गुरू. आणि सात वर्षांनी तिला बाहेर पडायचं होतं. रोज भांडणं, तो ऐकेना, कराराचं बोलायला लागला. शेवटी ती घरी गेली, एक गाणं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात त्याच्यासमोर बसून गायली. तो रडला म्हणे, आणि म्हणाला जा, पण हे गाणं मीच प्रोड्यूस करणार. तेच हे गाणं!! प्रियकराला नाही, बॉसला लिहिलेलं. राजीनामा आहे तो. जून १९७४ ला कंट्री चार्टवर एक नंबर.

पुढचा किस्सा यासाठी की मला खरं प्रेम या किस्श्यामुळे बसलं. एल्व्हिस प्रेस्लीला ते गाणं गायचं होतं. डॉली हवेत. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी एल्व्हिसचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर फोनवर सांगतो की आमचा नियम आहे, एल्व्हिस गातो त्या गाण्याच्या पब्लिशिंगचा (शब्द आणि चालीच्या हक्कांचा) अर्धा वाटा आमचा. ही नाही म्हणाली. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची, नुकतीच वॅगनरची सावली सोडलेली बाई, एल्व्हिसला नाही म्हणाली आणि मग रात्रभर रडली. १९९२ ला व्हिटनीने ते गायलं आणि ते अमेरिकेच्या मुख्य चार्टवर १४ आठवडे एक नंबरला बसलं. ग्रेसलँड विकत घेता येईल एवढे पैसे आले असं डॉलीच गमतीत म्हणते (ग्रेसलँड म्हणजे एल्व्हिसचा बंगला). बटईवाल्याच्या पोरीने सातबारा सोडला नाही, बास, एवढंच मला त्या पोराला सांगायचं होतं पण तोवर तो गुलाबजाम घ्यायला गेला होता.

टग्या_पुणे३०
पयला! वाचतो नंतर, आधी गाणं ऐकतो.

खडूस_काका
लेखन छान पण कौतुक जरा जास्तच झालं ताई. कंट्री म्हणजे तीन कॉर्ड, ट्रक, दारू, आई आणि कुत्रा. ही बाई धंद्यात हुशार आहे यात वादच नाही, स्वतःच्या नावाचा जत्रेचा मोठा पार्क काढलाय, विग विकते, बेकिंगचं पीठ विकते. पण गीतकार म्हणून थोर वगैरे? साहिर, गदिमा ऐकलेल्या माणसाला पटायला जड जातं. बाकी चालू द्या.

सा_रे_गप्प
काका, तीन कॉर्डवर आमची अर्धी भजनं पण उभी आहेत, तो काही गुन्हा नव्हे. 'जोलीन' घ्या. कॉर्ड फिरून फिरून त्याच, ढोबळ हिशेबाने तीन. पण गिटारची ती धावणारी ओळ सुरू झाली की पोटात कालवायला लागतं, आणि धृपदात नुसतं एक नाव चार वेळा, प्रत्येक वेळी जरा वर चढवून. विनवणी कशी वाढत जाते ते शब्दात नाही, त्या चढण्यात आहे. हे कागदावर लिहून दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं काहीच लिहिलं नाही.

ते नाव तिला कुठून मिळालं तर सही घ्यायला आलेल्या एका आठेक वर्षांच्या मुलीकडून, नाव विसरू नये म्हणून घोकत घोकत बसपर्यंत गेली. आणि गोष्ट बँकेतल्या एका लाल केसांच्या कारकून बाईची, जी कार्लशी जरा जास्तच गोड बोलायची आणि कार्लच्या बँकेच्या फेऱ्या वाढल्या होत्या :D

अवांतर: यूट्यूबवर याच गाण्याची मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी ३३ च्या स्पीडला लावलेली मिळेल. बाईचा आवाज पुरुषाचा होतो आणि गाणं अजूनच दुःखी होतं, आणि मुख्य म्हणजे कुठेही बेसूर वाटत नाही. एवढ्या संथ केल्यावर भल्याभल्यांच्या हरकती उघड्या पडतात, हिच्या नाही पडत.

नखांबद्दल: एवढ्या लांब नखांनी नेहमीच्या कॉर्ड दाबता येत नाहीत म्हणून ती गिटार ओपन ट्यूनिंगमधे लावते, म्हणजे तारा न दाबता नुसत्या छेडल्या तरी कॉर्ड वाजते. आणि 'नाइन टू फाइव्ह' या सिनेमाच्या सेटवर तीच नखं एकमेकांवर घासून टाइपरायटरसारखा आवाज काढत तिने त्याचं गाणं रचलं, रेकॉर्डमधेही तो आवाज आहे. १९८१ ला ते गाणं पॉप, कंट्री दोन्हीकडे एक नंबर, वर ऑस्करचं नामांकन.

जात्यावरची
जोलीनबद्दल माझे दोन पैसे. आमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या यायच्या, त्यात सवत आली की तिचं काही खरं नसायचं, तिचं रूप, तिचं माहेर, तिचा स्वयंपाक सगळं धुवून निघायचं. हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वाट बघत होते की आता ही त्या बाईला शिव्या घालणार. तर ही तिच्या केसांचं, डोळ्यांचं, हसण्याचं कौतुक करतेय, आणि म्हणतेय तू नेऊ शकतेस म्हणून नेऊ नकोस. नवऱ्याला तर अख्ख्या गाण्यात कुणी काही विचारत पण नाही. आजी असती तर म्हणाली असती, मेल्याला लाटण्याने बडवायचा सोडून हिच्या पाया काय पडतेस.

खडूस_काका
आजींना माझा साष्टांग _/\_

वकीलबाई
धागा आवडला पण सातबाऱ्याचं रूपक थोडं दुरुस्त करते, सवय आहे, राग नसावा.

गाण्यात जमिनी दोन असतात. एक म्हणजे रेकॉर्ड झालेला आवाज, दुसरी म्हणजे शब्द आणि चाल. डॉलीच्या त्या काळच्या रेकॉर्ड आरसीए कंपनीच्या. तिने राखली ती दुसरी जमीन. त्या दुसऱ्या जमिनीचं उत्पन्न पुन्हा दोन वाट्यांत येतं, लेखकाचा वाटा आणि प्रकाशकाचा वाटा, साधारण निम्मे निम्मे. पार्करने मागितला तो प्रकाशकाच्या वाट्यातला अर्धा. म्हणजे लेखक म्हणून तिचं नाव आणि पैसे राहिलेच असते, सगळं गेलं नसतं. पण तेव्हा बहुतेक नवे लोक प्रकाशकाचा वाटा कुणाला तरी देऊनच नॅशव्हिलमधे पाय ठेवायचे, हिने मात्र मामाबरोबर साठच्या दशकातच स्वतःची पब्लिशिंग कंपनी थाटली होती, ओवेन्स आणि पार्टन मिळून नाव ओ-पार. एल्व्हिसला नाही म्हणण्याची हिंमत हवेतून नाही आली, कागद आधीपासून घरात होते.

उलट उदाहरण हवं तर विली नेल्सन. टेक्सासचा, गीतकार म्हणून डॉलीच्या तोडीचा. कडकीच्या दिवसात त्याने 'फॅमिली बायबल' ५० डॉलरला आणि 'नाइट लाइफ' १५० डॉलरला विकून टाकलं. दोन्ही पुढे गाजली, नाइट लाइफ तर किती जणांनी गायलं याचा हिशेब नाही. घरभाडं भरायचं असेल तर माणूस सही करतो, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, पण फरक केवढा पडतो बघा.

आपल्याकडे गीतकार-संगीतकारांनी वर्षानुवर्षं सगळे हक्क निर्मात्याला लिहून दिलेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने रॉयल्टीतला त्यांचा वाटा करारातसुद्धा सोडून देता येत नाही. हाताला पैसा लागायला किती फेऱ्या माराव्या लागतात तो वेगळा धागा होईल.

रानजाई
वकीलबाई _/\_ धाग्यात बदल करत नाही, तुमचा प्रतिसादच लोकांनी वाचावा. आणि कोर्टाचं राहिलंच, राजीनामा स्वीकारून रडलेल्या त्याच वॅगनरने १९७९ मधे तिच्यावर ३० लाख डॉलरचा दावा ठोकला, कोर्टाबाहेर मिटला. पण २००७ मधे त्याला ऑप्रीत ५० वर्षं झाली त्या सोहळ्यात ती गेली आणि तेच गाणं त्याच्यासमोर पुन्हा गायली. पाचच महिन्यांनी तो वारला.

भुईचक्र
मी जरा मिठाचा खडा टाकतो. डॉलीताई सगळ्यांच्या लाडक्या का, तर त्या कुणालाच दुखवत नाहीत म्हणून. राजकारणावर प्रश्न आला की विनोद करून सटकायचं, हे पन्नास वर्षं चाललंय. पार्काजवळ त्यांचा घोड्यांचा खेळ आणि जेवण असा एक शो आहे, उत्तर विरुद्ध दक्षिण अशी यादवी युद्धाची थीम, १९८८ पासून नाव काय तर डिक्सी स्टँपीड, डिक्सी म्हणजे गुलामगिरीवाल्या त्या दक्षिणेचं लाडाचं नाव. गुलामगिरीवरून झालेल्या युद्धाची चिकन खात खात मजा. नावातलं डिक्सी काढायला २०१८ उजाडलं. सगळ्यांना चालणारं गिऱ्हाईकी गोडबोलेपण हा पण धंद्याचाच भाग आहे, हुशारी म्हणा, पण संतपण नको.

आणि ते गरिबीचं रम्य चित्र. डोंगरातलं घर, आईची शिलाई, काजवे. गरिबी एवढी छान होती तर सोडली कशाला?

रानजाई
@भुईचक्र, शोबद्दल मान्य. २०२० मधे बिलबोर्डच्या मुलाखतीत ती ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरच्या बाजूने सरळ बोलली, ट्रंपने देऊ केलेलं पदक दोनदा नाकारलं (कारण दिलं नवऱ्याच्या आजारपणाचं आणि कोविडचं, म्हणजे परत गोडच), पण उशिराच, हे खरं.

गरिबीचं मात्र मान्य नाही. १९६८ चं तिचं गाणं आहे 'इन द गुड ओल्ड डेज', कंसात 'व्हेन टाइम्स वेअर बॅड'. त्यात ती म्हणते की आठवणी कशाच्याही बदल्यात देणार नाही, पण परत जायला सांगाल तर तेही नाही. गारपिटीत पीक गेलेलं, बापाच्या हाताला फुटून रक्त आलेलं, सगळं आहे. 'डाउन फ्रॉम डोव्हर' ऐका, १९७०, लग्नाआधी दिवस गेलेली पोरगी, घरच्यांनी बाहेर काढलेली, त्याची वाट बघतेय. रेडिओवाले वाजवायला तयार नव्हते. 'जस्ट बिकॉज आय ॲम अ वुमन' पण १९६८ चंच, नवऱ्याला तिच्या आधीच्या आयुष्याचं वाईट वाटलं त्यावर लिहिलेलं, की तुझी चूक ती चूक आणि माझी चूक म्हणजे कलंक कसा. बाविशीतली, डोंगरातली, चर्चमधे वाढलेली मुलगी हे लिहितेय. विगकडे बघत बसलेल्यांना हे ऐकूच आलं नाही, आणि मला तर वाटतं विग त्यासाठीच होता.

टग्या_पुणे३०
विगच्या आडून गोळीबार, आवडलं.

मु_पो_नॉक्सव्हिल
धागा आत्ता बघितला. मूळ नाशिक, गेली अकरा वर्षं इथे टेनेसीत, तिचं गाव आमच्यापासून तासाभरावर. मला कंट्रीमधलं शष्प कळत नाही, मी सुमन कल्याणपूरवाली. पण डॉली आमच्या घरी दर महिन्याला यायची.

मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलच्या कागदांमधे एक फॉर्म होता, इमॅजिनेशन लायब्ररी. भरला आणि विसरले. मग पोस्टाने मुलीच्या नावावर पुस्तक आलं, 'द लिटिल इंजिन दॅट कुड', इथे सगळ्या मुलांना पहिलं तेच येतं. मग दर महिन्याला एक, पाच वर्षांची होईपर्यंत. पगार विचारत नाहीत, नागरिकत्व विचारत नाहीत. दोन महिन्यांच्या बाळाच्या नावाने पोस्ट यायला लागलं याचंच सासूबाईंना काय कौतुक, व्हिडिओ कॉलवर पाकीट दाखवायला लावायच्या. बापाला वाचता येत नव्हतं म्हणून तिने हे १९९५ मधे फक्त आपल्या काउंटीपुरतं सुरू केलं, आता कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आयर्लंडमधे पण आहे, २० कोटींच्या वर पुस्तकं गेलीत. मुलं तिला बुक लेडी म्हणतात. माझ्या मुलीला ती गाते हे सहाव्या वर्षी कळलं!

२०१६ च्या नोव्हेंबरात गॅटलिनबर्गला डोंगर पेटला तेव्हा आमच्याकडेपर्यंत वास. ज्यांची घरं जळली त्या कुटुंबांना तिच्या फाउंडेशनने महिन्याला १००० डॉलर दिले, सहा महिने. आमच्या ओळखीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला मिळाले. भुईचक्र, तुमचं बरोबर असेल, पण इथे तिच्याविरुद्ध बोललात तर तुम्हाला कुणी चहा देणार नाही.

पार्कबद्दल विचारलं कुणी तर: १९८६ मधे ती भागीदार झाली आणि नाव डॉलीवुड झालं, पार्क आधीपासून होता. आत तिच्या खोपटाची हुबेहूब नक्कल आहे, भावाने बांधली, आतलं सामान आईने लावलं. लोक आत डोकावून म्हणतात क्यूट. मी माझ्या आईला नेलं तर ती म्हणाली एवढ्यात चौदा माणसं निजायची? आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. सिनॅमन ब्रेड नक्की खा.

जात्यावरची
डोळ्यात पाणी आलं ताई.
त्यावरून 'कोट ऑफ मेनी कलर्स' आठवलं. दान आलेल्या कापडाच्या चिंध्या जोडून आई कोट शिवते, शिवताना बायबलमधल्या योसेफाच्या रंगीत अंगरख्याची गोष्ट सांगते, पोरगी मिरवत शाळेत जाते आणि सगळे हसतात. आपल्याकडे ही गोधडी. पण गोधडी घरात राहते, पांघरायची, ती अंगात घालून वर्गात जायचं म्हणजे काय ते मला माहितीये. आईने जुन्या साडीचा फ्रॉक शिवला होता चौथीत. असो. गाणं तिने वॅगनरच्या बसमधे त्याच्याच सूटच्या लाँड्रीच्या पावतीवर लिहिलं म्हणे, दुसरा कागद नव्हता.

सा_रे_गप्प
कागदावरून आठवलं, व्हिटनीवाल्यांचा किस्सा. त्यांचा प्रोड्यूसर डेव्हिड फॉस्टर यांनी चाल घेतली लिंडा रॉनस्टॅट या गायिकेच्या १९७५ च्या रेकॉर्डवरून, आणि त्यात शेवटचं कडवंच नव्हतं. फोनवर डॉलीने विचारलं शेवटचं कडवं घेतलंय ना, तर ते म्हणे कुठलं? तिने तिथल्या तिथे फोनवर सांगितलं. तू सुखी हो, पण सगळ्याच्या वर तुला प्रेम लाभो, असं आशीर्वाद देणारं ते कडवं आहे. ते नसतं तर नुसता निरोप राहिला असता. मग पहिल्यांदा कारमधे रेडिओवर ऐकलं तेव्हा तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

भुईचक्र
चहाची धमकी मनावर घेतली आहे.
एक मात्र भारी वाटलं वाचून. १९७७ ला 'हिअर यू कम अगेन' करताना, जे तिने लिहिलेलं नाही आणि अगदी पॉप आहे, तिने मुद्दाम स्टील गिटार, म्हणजे कंट्रीची ओळखीची खूण, घालायला लावली. कंट्री सोडून गेली असं कुणी म्हटलं तर दाखवायला, की हे बघा, ऐकू येतंय ना. दहा लाखांच्या वर खपलं. दोन्ही दगडांवर पाय पण तोल पक्का.

टग्या_पुणे३०
कार्ल डीनचं काय झालं शेवटी? जोलीनने नेला का?

रानजाई
नाही नेला. जवळजवळ ५९ वर्षं संसार, मार्च २०२५ मधे गेला. डांबरी रस्ते करायचा धंदा होता त्याचा. समारंभांना, कॅमेऱ्यासमोर जवळजवळ कधीच आला नाही, इतका की लोक म्हणायचे नवरा आहे तरी का खरंच. तो गेल्यावर काहीच दिवसांत तिने त्याच्यावर गाणं काढलं, दुसरं काय करणार.

खडूस_काका
बरं, सुरुवात कुठून करू ते सांगा. एकच गाणं. गोड नको.

रानजाई
'द ब्रिज', काका. १९६८. तीन मिनिटांच्या आत संपतं. हेडफोन लावा आणि शेवटपर्यंत ऐका.

खडूस_काका
ऐकत होतो पण मधेच बंद पडलं. वायफाय चेक केलं, दुसऱ्या साइटवर लावलं, तिथेही तिथेच तुटतं. पूर्ण गाण्याची लिंक आहे का कुणाकडे?

रानजाई
काका, ते तेवढंच आहे. ती पुलावर उभी आहे ना.

खडूस_काका
अरे देवा.